त्या छोट्या बाटलीची लाज

नमस्कार. बसा, सगळे बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, टेबल टेनिसच्या टेबलापाशी खुर्च्या आहेत.

मी कुंदा आपटे. तळमजल्यावर राहते, प्रशांतच्या घराच्या बरोबर खाली. आयुष्यभर शाळेत शिकवलं, बोलायची सवय आहे. त्याचा फोटो माझ्या उजव्या हाताला ठेवलाय. मी तिकडे बघणार नाही. बघितलं तर संपलंच.

आपल्या सेक्रेटरींनी मला सांगितलं, काकू, दोनच शब्द बोला, पण चांगलं बोला. चांगलं काय बोलू? मुलगा हुशार होता. यवतमाळहून आला, हिंजवडीत नोकरी धरली, कोथरूडसारख्या ठिकाणी स्वतःचं घर केलं, आईला इथे आणलं. सगळं खरं आहे. आणि चाळिशीही न गाठता गेला, हेही खरं आहे. मी त्याबद्दल बोलणार.

मी लघवीबद्दल बोलणार आहे.

झाली ना कुजबुज? शोकसभेत हा शब्द काढायचा नसतो, मला कळतं. अहो, घरात तरी कुठे काढतो आपण? ‘जाऊन येतो’ म्हणतो. कुठे जातो, काय बघतो, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. प्रशांतनेही सांगितलं नाही.

त्याच्या ऑफिसात दरवर्षी तपासणीचं शिबिर लागायचं. रक्त घ्यायचे आणि हातात एक छोटी बाटली द्यायचे. टेबल मांडलेलं रिसेप्शनला, बाथरूम दुसऱ्या टोकाला. मधे सगळा हॉल. ती भरलेली बाटली हातात घेऊन टीममधल्या मुलींसमोरून चालत यायचं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मला हसत हसत सांगत होता, "काकू, आम्ही कुणीच देत नाही ती. बाटली डस्टबिनमध्ये. रक्त दिलं ना, बास."

मी म्हटलं, अरे, पण मग रिपोर्ट?

"रिपोर्ट एकदम क्लीन येतो, काकू."

येणारच. रक्तातली साखर बघितली, हिमोग्लोबिन बघितलं, ठीक निघालं. जे बघायला हवं होतं ते कचऱ्यात गेलं होतं. रक्त देताना माणसं फोटो काढून घेतात. या बाटलीची मात्र लाज. का हो? दोन्ही त्याच अंगातून येतं ना?

मग फेस यायला लागला. स्नेहल, बाळा, हे तुझ्याकडे बोट दाखवून बोलत नाहीये. त्याची बायको म्हणून तूच मला सांगितलंस, म्हणून बोलते. कमोडमध्ये फेस दिसायचा, पाणी सोडलं तरी राहायचा. प्रशांतला वाटलं, कामवाल्या बाई कमोड धुवायचं लिक्विड जास्त टाकतात. त्यांना बोलला. मग लिक्विडची कंपनी बदलली. मग लिक्विड बंदच केलं, नुसतं पाणी. तरी फेस. तेव्हा म्हणाला, टाकीच्या पाण्यातच काहीतरी आहे. आणि सोसायटीकडे तक्रार केली! आठवतंय ना सेक्रेटरी? आपण टाकी धुऊन घेतली. अख्ख्या सोसायटीने एका माणसाच्या किडनीसाठी टाकी धुतली.

संध्याकाळी बूट काढले की मोज्यांची खूण पायावर खोल उमटलेली असायची. म्हणायचा, दिवसभर खुर्चीत बसून होतं. सकाळी डोळे सुजलेले. म्हणायचा, अमेरिकेचे कॉल. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर होतं. हुशार होता, म्हटलं ना मी.

शेवटी धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. त्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते साधं होतं. किडनी ही अंगातली गाळणी. गाळणी बिघडली की अंगात राहायची ती प्रथिनं लघवीवाटे निघून जातात. म्हणून तो फेस. प्रत्येक फेस म्हणजे आजार नव्हे, पण सारखा येत असेल तर तपासून घ्यायचं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर तपासायचं. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? त्यांनी फाइल मिटली.

मग डायलिसिस. मग दुसरी किडनी बसवावी लागेल म्हणाले. आणि मग विमलताई, म्हणजे प्रशांतच्या आई, ह्या इथे पुढे बसल्यात. दवाखान्यात डॉक्टरांसमोर पदर खोचून उभ्या राहिल्या. "माही घेऊन घ्या ना जी. मले काय करायचं दोन-दोनचं?" स्नेहलचा रक्तगट जुळत नव्हता, आईचा जुळला. त्या दिवशी घरी शिरा केला हो या बाईंनी. मला वाटी आणून दिली. "ताई, आता पोरगं वाचते," म्हणाल्या.

देणाऱ्याचीही तपासणी करतात. त्यांच्याही हातात तीच छोटी बाटली दिली. त्यांनी लाज नाही धरली. भरून आणली, दोन्ही हातांत धरून, सगळ्यांसमोरून.

आणि त्यात प्रथिनं निघाली. त्यांचीच किडनी बिघडायला लागलेली. घेता येणार नाही म्हणाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. यादीत नाव घातलं. नंबर लागला नाही.

मी देवाधर्माचं फार मानत नाही, आणि यातून काही चांगलं निघालं असंही मला म्हणायचं नाही. सांगायला एवढंच की विमलताईंचं दुखणं लवकर सापडलं. पोराच्या पायी सापडलं. गोळ्या नियमित घेतल्या, पथ्य पाळलं, तर बरीच वर्षं निघतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तेराव्यानंतर त्यांनी गोळ्या बंद केल्यात. काल मी वर गेले. गोळी आणि पाणी समोर ठेवलं. गोडीत सांगून बघितलं, रागावून बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्याले द्याची होती तो गेला, ताई. आता कोनासाठी जपू?"

पेला तसाच ठेवून खाली आले.

तुमच्यातले काहीजण उद्या तपासून घेतील. बरेचजण घेणार नाहीत. मला काही आशा नाही, मी पुण्यात वाढलेय. तरी बोलले, कारण प्रशांत असता तर तोंडावर हात ठेवून हसला असता आणि म्हणाला असता, "काकू, काय हे!"

आता आपण उभं राहू या. त्याच्यासाठी. कुणी काही बोलू नका.

विमलताई, तुम्ही नका उठू. बसूनच राहा. तुमचे पाय सुजलेत.