हार घातलेला फोटो

…नाही, पण मला सांगा, फोटोला हार घातलाय म्हटल्यावर माणूस काय समजणार? तुम्ही काय समजला असता? मी तेच समजलो, आणि गेली ना माझी भूमिका! तीन वर्षं डब्लिनच्या मराठी मंडळात नुसता पडदा ओढत होतो हो, तेव्हा कुठे ह्या पाडव्याच्या नाटकात नायक मिळाला होता…

थांबा, आधी रोडेल. इकडे आयर्लंडात, स्लायगो गावी, आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स आहे, फिलिपिनो, वय सव्वीस, आणि नाटकं लिहितो. त्याचा देव म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा एक स्पॅनिश नाटककार, नाव एवढं लांब की ते सांगून होईपर्यंत पेशंटचं सलाइन संपतं! एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं, तर आमच्या वडिलांच्या फोटोसमोर उभाच राहिला. "डॉक, हा चंदनाचा हार! केवढं प्रेम!" मी म्हटलं, हो रे बाबा, जेव आता.

पुढच्या आठवड्यात, त्या दिवशी बांधून दिलेला डबा परत आणायला त्याच्या खोलीवर गेलो, तर कपाटावर एका म्हाताऱ्याचा फोटो. टोकदार दाढी, गळ्याभोवती झालरीची कॉलर, मला वाटलं आजोबा बँडमध्ये असतील! समोर मेणबत्ती, फोटोला हार, आणि ह्याचे डोळे ओले. "डॉक, हे नसते तर मी कुणीच नसतो." आता तुम्हीच सांगा, हार घातलाय म्हटल्यावर माणूस काय समजणार?

मी हळहळत वॉर्डाच्या मॉरीन सिस्टरला सांगितलं, रोडेलचे आजोबा गेले. आयर्लंडात मरणाची बातमी सांगितली की संपलं हो! दुपारपर्यंत सांत्वनाच्या कार्डावर सगळ्या वॉर्डाच्या सह्या, शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये गेलेल्या माणसासाठी प्रार्थना, ते 'मास' म्हणतात तिला, आणि मॉरीनचं फर्मान, "डॉक्टर, तुम्ही तर हवेतच!" शनिवारी संध्याकाळी! नाटकाच्याच वेळी! मंडळाला फोन केला, माझ्या जागी राजीवला उभं करा. अक्षरशः रडलो. आणि रोडेल? तो हवेत तरंगतोय! त्याला वाटलं, काय हा देश, लेखकाला केवढा मान!

चर्चमध्ये फादरनी त्याचा हात हातात घेतला. "जवळचे होते का रे?"

"रोज रात्री वाचतो, फादर."

"वय काय होतं?"

"आत्ता असते तर… साडेचारशेच्या आसपास."

आणि मॉरीन जी हसत सुटली, "युअर मॅनला, ह्या म्हाताऱ्याला, जाऊन चारशे वर्षं झाली!" बरं, रोडेलचं चुकलं तरी काय? माणूस गेलेलाच! फादर म्हणाले, ग्रँड, काही बिघडलं नाही, सँडविचेस केलीच आहेत तर बसा. रोडेलने स्वतःचं नाटक वाचलं, आणि सांगतो तुम्हाला, आम्ही पोट धरधरून हसलो, मी तर राजीवलासुद्धा विसरलो! तिथल्या तिथे ठरलं, जूनमध्ये चर्चच्याच हॉलमध्ये प्रयोग. रोडेलने मला मिठी मारली. "डॉक, प्रमुख भूमिका तुमचीच!"

आहे, खरंच प्रमुख आहे. अख्खं नाटक माझ्याभोवती फिरतं. फक्त मी भिंतीवर, चौकटीत. दोन तास हलायचं नाही. बायको, वासंती, म्हणते कशी, "चंदनाचा हार घरातलाच न्या की, विकत कशाला?"

एक तरी वाक्य दे म्हणून हाता-पाया पडलो हो त्याच्या. तर मलाच विचारतो, "डॉक, हार घातल्यावर माणूस काय बोलणार?"