पाणी चढेपर्यंत

काशिराम : पेन ड्राइव्ह न्यायचा तर न्या, बाई. तुमचाच हाय. पण आजचा दिवस ठेवा. धक्क्यावर लोक बसलेत बघा, भरतीचं पाणी पुरतं चढायला अजून अर्धा तास तरी हाय.

रंजिता : आजच हवाय, काका. तेवढ्यासाठी शाळेत रजा टाकून खारघरहून उरणच्या बंदरावर आलेय.

काशिराम : आवाज चिरका येतो म्हणून काय? भोंगा जुना हाय, मला मान्य हाय. पण दोन महिन्यांपूर्वी तुमी इथं ओहोटीत अडकलात, गाण्याचं सांगितलंत, तवा मी ईचारलेलं. म्हटलं, ओहोटीला लाँच बंद असली की माणसं तास-दोन तास चिखलाकडं बघत बसतात, तुमचं गाणं लावू काय? तुमी एवढ्या खूश झालात की मलाच लाजल्यासारखं झालं.

रंजिता : खूश होणारच. वर्षभर दारोदार हिंडत होते. ठाण्याला गेले, दादरला गेले. सगळे चहा पाजायचे आणि म्हणायचे, छान आहे, पण नवा राग कोण ऐकणार? तुम्ही पहिले, ज्यांनी न ऐकताच आपणहून मागितलं.

काशिराम : मग आता परत कशाला मागता?

रंजिता : पनवेलला रविवारी सकाळी माझं गाणं आहे. सत्यजीत म्हणून आहेत, तिथल्या मंडळाचे कार्यक्रम तेच ठरवतात. शेवटी त्यांनी अर्धा तास दिला. अट एवढीच, की नवा राग म्हणून सांगायचं नाही. नवा म्हटलं की लोक उठून जातात म्हणे. ललत रागाचा एक जुना, विसरलेला प्रकार म्हणून जाहीर करू म्हणाले. जुनं म्हटलं की तेच लोक माना डोलावतात.

काशिराम : आणि तुमी हो म्हणालात.

रंजिता : म्हणाले. आणि तुम्ही इथे रोज भोंग्यावरून सांगता, हे गाणं बाईंनी सोता बनवलंय. पनवेलचं कुणी लाँचला आलं आणि ऐकलं तर मी खोटी पडेन.

काशिराम : ते तर पडालच. पण खोटं कुठलं, इथलं का तिथलं?

रंजिता : काका, तुम्ही पण ना.

काशिराम : ईचारलं हो नुसतं. मला काय त्यातलं कळतं? मी भोंग्यावर भरती-ओहोटी सांगणारा माणूस. तुमाला तरी ते गावलं कुठं, ते सांगा. कुठल्या पुस्तकात होतं?

रंजिता : पुस्तकात नव्हतं. मागच्या वर्षी मला ताप आला होता, जाता जात नव्हता. दुपारी ग्लानी यायची. सतराव्या मजल्यावर घर आमचं, खिडकीतून लांब खाडीची एक चकाकी दिसते, तेवढंच पाणी. डोळे अर्धे मिटलेले असायचे आणि ते सूर यायचे. मी काही केलं नाही. पंचम येईल म्हणून वाट बघायचे, तो यायचाच नाही. त्याच्या जागेवर नुसती मोकळी जागा असायची. ताप उतरला तेव्हा मला वाईट वाटलं, खरं सांगते. वाटलं, आता सूर पण जाणार. पण ते राहिले.

काशिराम : तुमच्या गुरूंना ऐकवलंत?

रंजिता : ऐकवलं. बुवांनी पुन्हा एकदा गायला लावलं. मग म्हणाले, कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, कुठे? तर म्हणाले, तेच तर आठवत नाही. पुढे विषयच काढला नाही त्यांनी.

काशिराम : हं. बाई, मला पण तुमाला एक सांगायचंय. रागवायचं नाय.

रंजिता : सांगा.

काशिराम : मी गाणं कवा लावतो ठावं हाय? पाणी चौथ्या पायरीला लागलं की. आधी गाणं संथ चालतं. वीस मिनिटं तसंच. मग जलद होतं. जलद होईतो पाणी पुरतं चढलेलं असतं आणि लाँच धक्क्याला लागते. मी काय ठरवून केलं नव्हतं, जुळत गेलं. आता लोकांना वाटतं, ही बंदराची खूण हाय. गाणं जलद झालं की बायका पाट्या उचलतात, बाप्ये पिशव्या. सगळा धक्का एकदम उभा राहतो.

रंजिता : काय सांगता?

काशिराम : देवाशप्पथ. मागच्या मंगळवारी लाईट गेली. भोंगा बंद. लाँच येऊन उभी, आणि कोण जागचं हालत नाय. खलाशी वरडतोय, लोक म्हणतात, थांब रं, गाणं कुठं झालंय? तीन माणसं घेऊन लाँच गेली. मला बंदराच्या साहेबांनी अर्धा तास झापलं. हसताय काय? हसा, हसा.

रंजिता : हसू नको तर काय करू? आणि... थांबा हं जरा.

काशिराम : बाई, रडू नका. पाणी देऊ?

रंजिता : नको. तुमची काही चूक नाही. पण म्हणजे माझ्या रागाची घंटाच झाली की हो. मला वाटत होतं, कुणीतरी ऐकतंय. संध्याकाळी घरी तानपुरा लावला की मला हा धक्का दिसायचा. सगळे गप्प बसलेत, चिखलावर ऊन पडलंय, कुठूनतरी पाण्याची एक रेघ येतेय, आणि माझा आवाज त्या रेघेबरोबर आत येतोय. तेवढ्यावर दोन महिने मजेत काढले मी. आणि लोक पाट्या उचलायची वाट बघत होते.

काशिराम : तसंच नाय काय. ही भामा आली बघा. लाँचनं पलीकडं जाऊन भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणते, इथं उरणच्या बाजारात बसते. तिलाच ईचारा.

भामा : दादा, पाणी चौथ्या पायरीला लागलं. गाणं नाय लावलंस आज?

काशिराम : गाणंवाली बाई समोर बसलीय. गाणं परत न्यायला आलीय.

भामा : या? अगो बाय. मला वाटलं, गाणारी कवाच मेली असंल.

काशिराम : भामे, जिभेला हाड हाय का?

भामा : वाईट म्हणून नाय बोलले, बाई. ऐकताना असं वाटायचं, की हे लय आधीपासून हाय, आमी उशिरा आलो. मधी एक जागा हाय बघा, आवाज खाली उतरतो आणि तिथंच राहतो. वर येईल, येईल, तर येतच नाय. तिथं मी डोळं मिटते. घरात तशी जागा मला कुठं गावत नाय.

रंजिता : तिथे पंचम नाही. मी सोडलाय तो.

भामा : ते मला काय कळत नाय. पण एक ईचारायचं होतं. त्याचा शेवट कसा हाय?

रंजिता : म्हणजे?

भामा : शेवट आमी ऐकलाच नाय ना. जलद झालं की उठायचं, पाटी घ्यायची, पळायचं. लाँचमध्ये इंजिनाचा आवाज. आमी बायका बोलतो पण त्यावर. सुमतीमावशी म्हणते, शेवटी ते परत संथ होत असणार. मी म्हणते, नाय, तुटत असंल. दोन महिने झाले, मिटलं नाय.

काशिराम : हे मला कुणी सांगितलं नाय.

भामा : तू कवा ईचारलंस?

रंजिता : काका, या भोंग्याला माईक आहे ना?

काशिराम : हाय. सूचना सांगायचा. खरखरतो जरा.

रंजिता : खरखरू दे. तानपुरा मोबाईलवर आहे माझ्या. लावा.

काशिराम : आधी काय सांगू लोकांना? जुनं विसरलेलं म्हणून सांगू?

रंजिता : नवं आहे म्हणून सांगा. माझं आहे म्हणून सांगा.

काशिराम : आणि रविवारी?

रंजिता : रविवारी पण हेच सांगणार. सत्यजीतना आत्ताच मेसेज करते, गाणं झालं की धीर राहायचा नाही. अर्धा तास गेला तर गेला. वाईट वाटेल, खूप वाटेल. पण ज्याचा शेवट कुणीतरी दोन महिने शोधतंय, ते जुन्याच्या नावावर कसं घालू मी?

काशिराम : बसा मग. मी कळ दाबतो. भामा, तू पण बस, माईकासमोर उभी राहू नको.

(रंजिता गाते आहे. पाणी पायऱ्या चढत आहे.)

भामा : दादा, लाँच लागली.

काशिराम : बघतोय.

भामा : गाणं पण जलद झालं.

काशिराम : ऐकतोय.

भामा : कोणच उठत नाय रं. सुमतीमावशीनं पाटी उपडी घालून तिच्यावर बूड टेकलंय. खलाशी शिट्टी मारून दमला.

काशिराम : तू तरी कुठं उठलीस, भामे?