वांगं सोडलं

दापोडीच्या दवाखान्याच्या ओसरीवर यशोदाबाई गप्प बसल्या होत्या, कारण तोंडात मिश्री होती. कान मात्र शेजारच्या दोघी बहिणींकडे, थोरल्या शालनकडे आणि धाकट्या अंबूकडे.

“आक्का, आईला तोंडाचा क्यान्सर, मावशीला तोच. आता तुझ्या गालात जखम. भ्या न्हाई वाटत?”

“म्हणून तर वांगं सोडलं.”

“वांग्यानं काय केलं?”

“आईला लई आवडायचं.”

“आईला आपलं अण्णाबी आवडायचं. त्यांच्या हातचा चहा सोडलास व्हय?”

“थट्टा नगं. शिळं सोडलं, तळलेलं सोडलं, सोमवार धरला.”

“आन् मिश्री?”

“ती काय खायची वस्तू हाय? दाताला लावायची.”

“तंबाखू भाजूनच करत्यात की ती.”

“भाजल्यावर तंबाखू कुठली ऱ्हातीया!”

“हेच डाक्टरला सांग.”

“त्यांना वांग्याचं सांगीन.”

“मग मिश्रीचं मी सांगते.”

“आगाऊ कुठली! या बाईंनाच इचार. काय वो, मिश्रीनं कधी कुणाला काय झालंय?”

यशोदाबाई उठल्या. ओसरीखाली जाऊन थुंकल्या, दोनदा चूळ भरली आणि पदरानं ओठ पुसत परत आल्या.

“तुमी आधी आत जावा,” त्या शालनला म्हणाल्या, “आन् मिश्रीचं नक्की इचारा. मी दाराआडून ऐकते.”