गप्प बसायचं शिक्षण

"सूनबाई एवढी शिकलेली हाय, पण तोंडातून शब्द काढत न्हाई. आपल्या सुमनला बी तिच्याच कालेजात टाकू."

सासूबाई ओसरीवर सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी आत पीठ मळत होते. माझ्या कानावर पडावं म्हणून काही त्या बोलत नव्हत्या.

तुम्हाला सांगते, लग्नानंतर सुरुवातीला मी दोन-चारदा बोलले होते. दरवेळी घर असं चिडीचूप व्हायचं, की शेवटी कंटाळून सोडून दिलं.

तेवढ्यात नणंद, म्हणजे हीच सुमन, धावत आत आली. बारावी झालेली, बीडला माझ्याच कॉलेजात शिकायचंच म्हणून हट्ट धरून बसलेली.

"वैनी, आईचं ऐकलं ना? हात जोडते, ॲडमिशन होईस्तोवर असंच गप राहा. न्हाईतर यंदाच माझं लगीन लावतेल."

राहिले. माझ्या माहेरावर टोमणे आले तेव्हासुद्धा राहिले.

ॲडमिशन झालं. सुमनची बॅग भरताना सासूबाई कौतुकानं मला म्हणाल्या, "सांग की हिला, तिथं तुला गप बसायला कसं शिकवलं."

आता लपवायची गरज नव्हती. मी म्हणाले, "आत्या, तिथं मी वादविवादात दरवर्षी कप आणायचे. गप्प बसायला मी या घरात शिकले."