घरी न्यायची जीप

बहात्तर सालची गोष्ट. नगरच्या एका दवाखान्यात वडिलांचा देह ताब्यात मिळण्याची वाट पाहत सुलक्षणा बाकावर बसली होती. शेजारी गोजरबाई आणि तिचा दीर कारभारी यांची जुंपली होती.

“वैनी, दादा बैलगाडीवरनं डोक्यावर पडलाय. डाक्टर म्हनला, सकाळ काढनार न्हाई. म्हनून जीप आनली. घरी तरी जीव जाईल.”

“सकाळ कवाच सरली, भावजी. तुमचं दादा अजून जित्तं हायती.”

“गावात पाव्हनं जमल्यात.”

“सांगावा कुनी धाडला?”

“म्याच.”

“सरपनबी रचलं असंल.”

“रचलंय. ऐनवेळी धावपळ नको.”

“मग जाऊन उचला ते. मगाशी त्यांनी माझं बोट दाबलं. दोनदा.”

“डाक्टरपरीस तुमाला जास्त कळतं? ताई, तुमी शिकलेल्या दिसता, सांगा ह्यांना.”

“याच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, वडील सोमवारी चालत घरी येतील.”

“मग?”

“आज न्यायचंय त्यांना. गाडी मिळत नाहीये.”

गोजरबाई उठून वॉर्डाच्या दाराकडे वळली.

“भावजी, जीप आनलीच हाय, तर ह्या ताईस्नी द्या.”