एक बटण तर टाकायचंय!

...नाही, चूक माझी आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण बटणं किती असावीत हे मी ठरवलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं, आणि तेही मी साहेबांना बोललो नाही, तुम्हाला सांगतोय, कारण साहेबांसमोर माझ्या तोंडून ‘हो सर’च्या पुढे काही येतच नाही!

आमची कंपनी लोखंडी कपाटं बनवते. माणसं ऐंशी, आणि ऐंशीच्या ऐंशी जणांची ओळखपत्रं जुनी झालेली. मी तिथे अकरा महिने वेबसाइटचं काम करतो. रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, सगळं मी बसवलंय. शिकलो कुठे? नववीत शाळा सोडली, पुढचं सगळं व्हिडिओ बघून. पण मी तात्पुरता! तात्पुरत्याला कार्ड नसतं. रोज सकाळी गेटवर पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये सही करायची... नाव, वेळ, कुणाला भेटायचंय. अकरा महिने! वॉचमन काका मला हाकच मारतात, “या पाहुणे.”

तर साहेब म्हणाले, “हे बघ, प्रत्येकाने साइटवर आपापला फोटो टाकायचा, तिथेच कापायचा, सारखा करायचा, सेव्ह. सोमवारी कार्डं गळ्यात पडली की तुला कायम करतो. तुझंही कार्ड काढू. अरे, एक बटण तर टाकायचंय!”

एक बटण!

आता फोटो कापायचं यंत्र काही मी घरी बनवत नाही. ते तयार मिळतं, फुकट, आपल्या पानात नेऊन बसवायचं. त्याला एडिटर म्हणतात. सोबत माहिती असते, पानंच्या पानं इंग्रजी. मी एकेक शब्द शोधत वाचली, बसवला, पान उघडलं... काही नाही! कोरं! दोन दिवस मी त्या कोऱ्या पानाकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतंय. शेवटी कळलं, एडिटर आलेला होता, पण उंची सांगितली नाही म्हणून शून्य उंचीचा होऊन बसला होता. खोलीत हजर, पण कुणाला दिसत नाही. मला त्याचा रागही येईना हो, जवळचाच वाटला!

उंची दिली. मग म्हणे, मला उघडताना एक फोटो दाखवायला द्या, नाहीतर मी रुसतो. हाताशी कुणाचा फोटो होता? माझा! आईने काढलेला, दाराशी उभा, डोळे अर्धे मिटलेले. म्हटलं, नमुन्यापुरता घालू, नंतर काढू. हे ‘नंतर काढू’ लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

साहेबांना दाखवलं. मी फक्त दोनच बटणं ठेवली होती, काप आणि सेव्ह. साहेब म्हणाले, “बाकीची कुठायत?”

“सर, बाकीची लागत नाहीत.”

“लागत नाहीत म्हणजे? फुकट मिळतायत ना? मग ठेव की! फिरवायचं ठेव, उजळायचं ठेव, ते मिशा काढायचं काय आहे, तेही ठेव. काढायला नको, ठेवायला काय जातं?”

“हो सर.”

झालं! चोवीस बटणं! कॉम्प्युटरवर ठीक होतं, पण आमची सगळी माणसं मोबाइलवाली. मोबाइलवर बटणांनीच पडदा भरायचा, फोटो पार खाली, दिसायचाच नाही. लोक काय करायचे? आपला फोटो निवडायचे आणि हिरवं दिसलं की दाबायचे, सेव्ह! आणि फोटो जड असला की हा एडिटर तो गुपचूप नाकारायचा, ओरडायचा नाही, रडायचा नाही, आधीचाच फोटो ठेवून द्यायचा. आधीचा कोण?

मी!

तुम्हाला सांगतो, सोमवारी खोकं उघडलं, ऑफिसच्या मॅडमनी नावं पुकारायला सुरुवात केली, पहिलं कार्ड वेल्डर दादांचं... खाली त्यांचं नाव, वर माझे अर्धे मिटलेले डोळे. दुसरं, पॅकिंगच्या मावशींचं... मी. रंगकामवाले... मी. मॅडम म्हणतात, “मी यादी तपासली, यादी बरोबर होती!” छपाईवाल्याला फोन केला तर तो वर म्हणतो, “मी स्पेलिंग बघतो, चेहरे ज्याचे त्याने बघायचे. मला वाटलं, एकाच घरातली माणसं असतील.”

एकोणचाळीस कार्डं! मी, ज्याने आयुष्यात ग्रुप फोटोतसुद्धा मागच्या रांगेत मान खाली घातली, तो एकोणचाळीस गळ्यांत लटकतोय! वेल्डर दादा म्हणाले, “बायको विचारते, गळ्यात कुणाला घेऊन फिरताय?” मावशी म्हणाल्या, “राहू दे रे, माझ्यापेक्षा बरा दिसतोयस.” ज्यांचे फोटो नीट गेले, ते तरी नीट होते का? हिशेबनीसांनी स्वतःला मिशा काढून घेतल्यात!

आणि चाळिसावं कार्ड... साहेबांचं. वर मी, खाली ‘संचालक’.

साहेबांनी ते कार्ड बघितलं. मला बघितलं. पुन्हा कार्ड बघितलं. मी म्हटलं, “हो सर.” ते काही बोललेच नव्हते, तरी म्हटलं!

“नवीन छापून येईपर्यंत सगळ्यांनी हीच घालायची,” साहेब म्हणाले. “आणि तू, आधी ती बटणं कमी कर. कायमचं नंतर बघू. आणि एवढं तोंड काय पाडतोस? एक बटण तर काढायचंय!”

बावीस, मी मनात म्हटलं. बावीस काढायचीत.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने काय ऐकलं? “म्हणजे साहेबांच्या गळ्यात तू?” शेजारच्या काकूंना बोलवायला निघालीच होती, मी दारात आडवा झालो.

आज सकाळी गेटवर उभा. माझ्या पुढून चाळीस माणसं कार्ड दाखवून आत गेली, म्हणजे मीच चाळीस वेळा आत गेलो, काकांनी चाळीस वेळा मान डोलावली. माझी पाळी आली तर म्हणाले, “या पाहुणे. सही करा.”

नाव लिहिलं. वेळ लिहिली. ‘कुणाला भेटायचंय’च्या खाली अकरा महिने साहेबांचं नाव लिहीत आलो, आज हातच चालेना. लिहिलं, ‘स्वतःला’.

काकांनी चष्मा वर करून वाचलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, “जा. आत आहेत. चाळीस जण.”