चोविसावा लंगोट

सासरे : ठेव ती पिशवी खाली आणि बस इथं स्टुलावर. तुला एक गोष्ट सांगतो सूनबाई, एका महामूर्ख लाँड्रीवाल्याची.

सून : आत्ता नको हो बाबा. बाळाचे हे लंगोट खालच्या मावशींना देऊन टाकते. लादी पुसायला नेतील.

सासरे : सगळे?

सून : तेवीस. एक सापडतच नाहीये.

सासरे : तो माझ्याकडे आहे. बस.

सून : काय बसू? सकाळपासून चार ओल्या चादरी बदलल्या. मांड्या बघितल्यात त्याच्या, कशा लालेलाल झाल्यात? आत्ता कुठं मलम लावून झोपवलंय. सगळे सांगत होते, विकतचे आण, वापर नि फेक. पण मीच शहाणी! माझ्या हट्टापायी लेकराचे हाल.

सासरे : तुझा काडीचा दोष नाही. ऐक. एक माणूस होता. तीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत.

सून : म्हणजे तुम्ही.

सासरे : मधे बोलू नको, लय तुटते. त्याला पोरगा झाला. तुझा नवरा. त्या पोराचा एक लंगोट ह्यानं कधी धुतला नाही. म्हणायचा, दिवसभर लोकांचं धुवायचं नि घरी आल्यावर पुन्हा तेच? बायको धुवायची. थंडीत तिच्या हातांना भेगा पडायच्या, रक्त यायचं. हा बघायचा नि रेडिओ मोठा करायचा.

सून : आई मला कधी बोलल्या नाहीत हे.

सासरे : मलाही नाही बोलली. बोलली असती तर बरं झालं असतं. असो. ती गेली, मग नातू आला. तू कामावर जायला लागलीस, तेव्हा ह्यानं लंगोटांची बादली मागून घेतली.

सून : आणि पहिल्याच दिवशी फेकायचे लायनर धुऊन, चिमटे लावून तारेवर वाळत घातले!

सासरे : मला काय ठाऊक? लंगोटात घालायचा कागद, शीसकट उचलायचा नि टाकायचा. एवढी चांगली वस्तू, टाकवेना. शेजारीण विचारत होती, हे पापुद्रे कसले?

सून : हसवू नका. मी चिडलेय. पुढं?

सासरे : पुढं काय, लंगोट उन्हात वाळले की नुसता पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यात आपला ढब्बू? मग ह्यानं बाटली आणली. हॉटेलात चादरी मऊ व्हायला टाकतात ना, तीच, वासाची. एक टोपण टाकलं. मऊ झाले. मग दोन टाकली. जीव जास्त, म्हणून टोपणं जास्त.

सून : बाबा! म्हणून फुलांचा वास येत होता? मला वाटलं साबण बदललात.

सासरे : पिशवीतला एक काढ. ह्या ग्लासातलं पाणी टाक त्याच्यावर, थेंबभर.

सून : अगंबाई. वरच बसलाय. घरंगळला! जिरतच नाही.

सासरे : तेल चोळल्यासारखं झालंय कापड. पिणार काय? सगळं बाहेर, पोराच्या मांड्यांवर. अगं, टॉवेलात ते टाकायचं नाही, मग अंग पुसलं जात नाही, हे तीस वर्षं मीच नव्या पोरांना ओरडून सांगत होतो. पण घरी लंगोट हातात घेतला तेव्हा टॉवेल नाही आठवला. नातू दिसला.

सून : कळलं कधी तुम्हाला?

सासरे : काल.

सून : काल? आणि आज सांगताय?

सासरे : भ्यालो. म्हटलं, म्हणशील, म्हाताऱ्याच्या हातात काही द्यायला नको. उद्या ढब्बूलाही माझ्याकडून काढून घेशील. पण तू सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायला लागलीस, मग राहवेना. हा घे चोविसावा. सकाळी कडकडीत पाण्यात चारदा खळबळला, साबणाविना. फेस यायचा थांबेपर्यंत. टाक थेंब.

(सून ग्लासात बोट बुडवून लंगोटावर धरते.)

सून : गेला. टेकला नि गेला.

सासरे : उरलेले आज होतात.

सून : अर्धे मी करते. तुमची कंबर...

सासरे : कंबर राहू दे. हात बघ तुझे, चादरी धुऊन आत्ताच सोलवटलेत. तुझ्या सासूला जन्मात म्हटलं नाही, ते तुला म्हणतो पोरी. दे ती बादली इकडं.